तिसऱ्या माणसाचं वजन

४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो आता कागदावरच घालता येतो, तेव्हा गोड मानून घे. आम्ही दोघं बरी आहोत. तूही बरी असशील. दीड वर्षात तुझं-माझं बोलणं नाही, त्यामुळे अंदाजच करायचा.

बातमी अशी की निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी जुनी मोटरहोम घेतली. म्हणजे चाकांवरचं घर: आत पलंग, ओटा, शेगडी आणि न्हाणीघर म्हणून एक कपाट. त्यात आंघोळीला उभं राहिलं की साबण बाहेरून कुणीतरी हातात द्यावा लागतो. छत गळत होतं, ते ह्यांनी स्वतः बुजवलं, तर दुसरीकडून गळायला लागलं. शेवटी पत्रेवाला आला तेव्हा कुठे थांबलं. टायर नवे बसवले, ब्रेक झाले, पाण्याची टाकी तीनदा धुऊन झाली.

ह्यांची नोकरी तुला ठाऊकच आहे. तीस वर्षं मालट्रकांच्या वजनकाट्यावर काढली. जास्त माल भरलेला ट्रक दिसला की ह्यांचं डोकं फिरायचं. आता स्वतःचीच गाडी तावडीत सापडली आहे. तिला माणसं धरून चारशे किलोच चालतात, म्हणून घरातली एकेक वस्तू काट्यावर चढते. माझ्या चपला चढल्या. उशा चढल्या, त्याही आधी उन्हात वाळवून. झाऱ्याचा दांडा करवतीने अर्धा केला, आता तळताना माझा हात भाजतो. रोज सकाळी चहाच्या आधी मला काट्यावर उभं करतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. शेजारीण कुंपणापलीकडून ऐकते. सदतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

परवा यादी संपली आणि साठ किलो उरले. मी लगबगीने शिवणयंत्र आणि बिडाचा तवा पुढे केला. हे म्हणाले, ती जागा भरलेली आहे. कशाने, ते काही सांगेनात. मग मीच गाडीत डोकावले. मागे मेकॅनिककडून तिसरी खुर्ची बसवून घेतली होती, पट्ट्यासकट. आणि यादीच्या तळाशी लिहिलं होतं: ताई, ६०.

हा साठ कुठून आला ते ऐक. फार पूर्वी आपण ह्यांच्या कामावर गेलो होतो, तेव्हा तू हौसेने त्या ट्रकांच्या काट्यावर उभी राहिली होतीस. तो काटा वीस-वीस किलोंनी सरकतो. म्हणजे तू तेव्हा पन्नासही असशील नाहीतर सत्तरही. चमच्यांचे ग्रॅम मोजणारा हा माणूस तुझ्या बाबतीत त्या आकड्यावर विसंबून बसला आहे. मी म्हटलं, तिलाच विचारा की. तर चष्मा पुसत म्हणाले, "तूच विचार. बोलली होतीस तूच ना?"

खरं आहे, मीच बोलले होते.

आईचं तू नऊ वर्षं केलंस. मी शेवटचे चार दिवस आले आणि भरल्या घरात म्हणाले, तिच्या जेवणात मीठ कमी ठेवलं असतं तर ती आणखी जगली असती. तू उठलीस आणि माझं अंथरूण घातलंस. ताई, मला मिठाबद्दल काहीही कळत नव्हतं. नऊ वर्षं मी फिरकले नाही याची लाज वाटत होती. ती कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती, तुझ्या मारली. माझं चुकलं. ते मला त्याच दिवशी कळलं होतं, लिहायला दीड वर्ष लागलं.

सतरा तारखेला, रविवारी सकाळी नऊला आम्ही येतो. गाडी तुझ्या गल्लीत शिरणार नाही, कोपऱ्यावर उभी राहील. वजन आधी कळव, आणि खरं कळव. जास्त भरलीस तर मी माझ्या साड्या काढेन. यायचं मन नसलं तरी कोपऱ्यापर्यंत ये. तिथे चार लोकांसमोर मला हवं ते बोल. मी मान खाली घालून ऐकेन. बोलून झालं की मात्र गाडीत बस.

तुझी चुकलेली,
धाकटी