रांगेतली शेवटची

सोमवार

पोहोचलो एकदाचे! व्हॅनमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण उतरल्या उतरल्या धाकटीने मला मिठीच मारली. तिचं म्हणणं, अजून थोडे दिवस घरात बसले असते तर मला बुरशी आली असती. हे गेल्यापासून मी उंबरठा ओलांडला नव्हता. डॉक्टर म्हणाले हवापालट करा, तर हिने ही सहल ठरवली आणि वर ही वही हातात कोंबली. ताईला होती तशी परत आणते, असा आईला शब्द देऊन आलीय. बघू. मला काहीच वाटत नाही. वाईटही नाही, बरंही नाही.

विश्रामगृह लाकडी, स्वच्छ. खोलीत दोन पलंग, एक कुरकुरणारा हीटर, आणि खिडकीतून थेट घळई. दोन्हीकडे तांबडा कातळ, तळाशी दोऱ्याएवढी नदी. हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते. गट छोटासाच: आम्ही बहिणी, निवृत्त मास्तर, त्यांची बायको आणि गाइड. मास्तर प्रत्येक दगडाची माहिती उलट गाइडलाच देतात. तो बिचारा ऐकून घेतो.

मंगळवार

आज कड्याची वाट. एका वेळी एकच माणूस मावतं. गाइड सगळ्यात पुढे, त्याला मागचं दिसत नाही, म्हणून त्याची एक पद्धत आहे. वळण आलं की तो ओरडतो, ‘मागे?’ मग प्रत्येकाने मान वळवून आपल्या मागचं माणूस बघायचं आणि म्हणायचं, ‘आहे.’ सगळ्यात शेवटच्याने म्हणायचं, ‘शेवट.’ न बघता कोणी बोलायचं नाही, हे त्याने दोनदा बजावलं. मास्तरांनी कारण विचारलं, तर म्हणाला, या वाटेवर ज्याला ‘आहे’ म्हणाल ते असतं. मास्तर खो खो हसले.

रांगेत शेवटची मी. दुपारी धुकं उतरलं. ‘मागे?’ मास्तर म्हणाले आहे, बाई म्हणाल्या आहे, धाकटीने माझ्याकडे बघून म्हटलं आहे. आणि मीही न बघताच म्हणाले, ‘आहे.’

सवय, दुसरं काय. लग्न झाल्यापासून हे माझ्या मागेच चालायचे, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. मी कधी वळून बघायचे नाही.

गाइड जागच्या जागी थांबला. मी लगेच ‘शेवट’ म्हणाले, चुकले म्हणाले. तो म्हणाला, चुकलात खरं, पण म्हणून झालं ना. 

परत येताना माझ्या मागे खडी वाजत होती.

बुधवार

आजही वाजली. घाबरायला हवं होतं, पण उलट बरं वाटलं, कितीतरी महिन्यांनी. वाटलं, हेच आले.

पण हे डावा पाय घासत चालायचे. ही पावलं घासत नाहीत. मी थांबले की थांबतात. मला धाप लागली की मागेही धाप लागते. चाल माझीच आहे.

जेवताना गाइडने एक ताट जास्तीचं मांडलं. मास्तरांनीसुद्धा आपलं ताट सरकवून जागा करून दिली. नंतर गाइडने मला बाजूला घेतलं. उद्या व्हॅन पलीकडच्या टोकाला उभी असेल, तिथवर बहिणीची बॅग धरून चाला, म्हणाला. दोघींच्या मध्ये अंतर पडू देऊ नका. मध्ये जो शिरेल, जागा त्याची.

गुरुवार, सकाळी

धाकटी आईला फोनवर सांगत होती की ताई पहिल्यासारखी झाली, काल संध्याकाळभर हसत होती, जुन्या गमती सांगत होती.

काल संध्याकाळभर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. एक शब्द बोलले नव्हते.

तिला तसं सांगितलं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून हसली.

मला घरी जायचंय. आता खरंच जायचंय.

गुरुवार, वाटेवर

बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता. बोटं बधिर — धरलाय की सुटलाय, कळेना. बघितलं तर सुटलेला. मान वर केली — मध्ये माझाच कोट. माझीच चाल.

‘मागे?’

धाकटी वळली. त्या चेहऱ्याकडे बघून इतकी गोड हसली — माझ्याकडे बघून अशी हसली त्याला किती दिवस झाले. म्हणाली, ‘आहे.’

मग माझा आवाज. पुढून. ‘शेवट.’

मी ओरडले, धाकटे, मी इथे, मागे — कोणी वळलं नाही. गाइडचं पाऊल जरा अडखळलं, एवढंच.

खाली व्हॅन. बसतायत. आईला ताई मिळेल, होती तशी — माझ्यापेक्षा बरीच —

दार लागलं.

थंडी वाजत नाही. धाप लागत नाही.

दुसरा गट येतोय. दुसरा गाइड. शेवटी एक बाई, एकटीच, कुठेच लक्ष नसलेली. मी तिच्या मागे चालतेय. लिहिता लिहिता —

‘मागे?’

बघू नकोस, बाई. नुसतं म्हण. एकदाच म्हण, आ