म्हसोबाचा शेंदूर

उरण, शनिवार, १९५६. दिवेलागण.

माझ्या लेकीच्या, बेबीच्या पोटदुखीवर आई महिनाभर बंदरावरच्या म्हसोबाचा शेंदूर खरवडून मधातून चाटवते आहे. माझी धाकटी बहीण शांती पोटदुखीनंच गेली, म्हणून आई जास्तच धास्तावलेली. काल बेबीच्या हिरड्यांवर काळी रेघ दिसली, शिशाचं विष अंगात भिनल्याची खूण. शाळेत विज्ञान शिकवतो मी, मग इतके दिवस गप्प का बसलो?

आज तो शेंदूर शाळेत आम्लात विरघळवला, गाळला, त्यात पोटॅशियम आयोडाइड घातलं. पिवळाधमक साका बसला. म्हणजे शिसंच. ती काचेची परीक्षानळी घरी आणून आईपुढे धरली.

"हळद हाय ती," आई म्हणाली.

मी नळी चुलीवर तापवली. पिवळं सगळं विरघळलं, पाणी नितळ झालं. आईनं हात जोडले. "बघ, देवानं पोटात घेतलं."

मी नळी चुलीवरून उचलून बाजूला धरली. नळी निवू लागली, तसे त्या नितळ पाण्यात कुठूनसे सोनेरी कण उगवले आणि चमचमत खाली बसू लागले. पिवळं गेलंच नव्हतं.

आई पदर तोंडाशी नेऊन हळूच म्हणाली, "शांतीच्या हिरड्या पन अशाच काळ्या झाल्या व्हत्या. तिला पन मी ह्योच चाटवला."