ओरडू नकोस, परत सांग

बाबा, बेलवलीच्या घरात बसून तुम्हाला लिहितेय. आई पलीकडे मटार सोलत बसलीय आणि मधूनच विचारतेय, "सुट्टीच्या दिवशी पण ऑफिसचंच काम का गं?" मी हो म्हणून टाकलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या माघारी काय काय आलं ते सांगत बसले तर आजचा दिवस पुरायचा नाही. मोबाइल फोन तुम्ही डोळ्यांनी पाहिलाही नाहीत, आणि तुमची लेक आयुष्यभर त्याच धंद्यात राहिली. जी गोष्ट सांगायचीय ती त्याच धंद्यातली आहे. पण तिची सुरुवात तुमच्या कानांपासून होते, तेव्हा आधी कानांबद्दल बोलणार आहे. रागावू नका.

अंबरनाथला तुमच्या कारखान्यात आम्हाला वर्षातून एकदाच शिरायला मिळायचं, दसऱ्याला. एरवी तुमचं प्रेस शॉप म्हणजे नुसता दणदणाट. पत्रा कापणारी ती धुडं दिवसभर आपटत राहायची आणि तुम्ही फोरमन म्हणून त्यांच्या मधे उभे. दसऱ्याला मात्र सगळी मशीन्स बंद, प्रत्येकीला झेंडूची माळ, हळदीकुंकू, पेढे. मी शाळेत होते. मला आठवतंय, एवढी शांतता असून तुमची माणसं तशीच वागत होती. एकाने हाक मारली, "पेढा घे रे," की दुसरा आधी हात वर करायचा आणि मगच पुढे व्हायचा. मला हसू फुटलं. तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, "हसतेस काय? इथे 'दाब' म्हटलेलं एखाद्याला चुकीचं ऐकू आलं तर कुणाचा तरी पंजा जातो. म्हणून हाक मारायची, समोरच्याने हात वर केला की समजायचं पोचली. नाही केला तर परत मारायची." मी विचारलं, किती वेळा? तुम्ही मोठ्या प्रेसकडे बोट दाखवलंत. "तिच्याजवळ उभा असेल त्याला तीन-चारदा लागतं. दारापाशी आहे त्याला एकदा पुरतं. सगळ्यांना चारदा मारत बसलो तर काम कधी करणार?"

त्याच दणदणाटाने तुमचे कान नेले. कापसाचे बोळे घालायचात, पण त्याने काय होतंय! घरी आलात की आई आधी तुम्ही कुठे बसलाय ते बघायची. ओट्याजवळ पाटावर असलात तर एकदाच बोलायची. खाटेवर डावा कान तिच्याकडे करून पडला असाल तर दोनदा. आणि पंपाचा स्टोव्ह भणभणत असला की तीनदा, तेही अगदी सावकाश, आवाज न चढवता. मला कुठला तेवढा धीर! मी एकदा त्या स्टोव्हच्या वरताण किंचाळले की सहलीला पैसे हवेत. तुम्ही ताटावरून मान वर केलीत आणि म्हणालात, "ओरडू नकोस, परत सांग. ओरडलं की शब्द फाटतो." मी तणतणत परत सांगितलं आणि तुम्हाला ऐकू आलं. मग मी दुसऱ्या टोकाला गेले. मामा आला होता तेव्हा त्याच्यासमोर मी "बाबा, चहा घेता? चहा? चहा?" असं लावून धरलं. पहिल्याच वेळी तुमचा हात वर गेला होता, मला दिसलाही होता, पण मामा हसत होता म्हणून मला चेव आला. तुम्ही कप खाली ठेवलात. "हात वर केलेला दिसत नाही? कानाने अधू आहे मी, डोक्याने नाही." मामाचं हसू मावळलं. मी कानाला खडा लावला.

मग तुम्ही बेलवलीला हे घर बांधलंत. तेव्हा आजूबाजूला भातशेती आणि चार घरं. भिंतींना रंग लागायच्या आधीच तुम्ही गेलात. फोनसाठी नंबर लावून गेला होतात, तो नंबर काही येईना. दादा नोकरीला पुण्याला, माझं लग्न होऊन मी विठ्ठलवाडीला, आणि आई इथे एकटी. माझ्याकडे ये म्हटलं की ठरलेलं उत्तर: "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून येईन, मुक्कामाला नाही." मग एका सकाळी ती मोरीत पाय घसरून पडली आणि दूधवाला हाका मारत आत येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, देव पावला. पण दादा पुण्याहून धावत आला आणि त्याने निकालच लावला. "दिवाळीपर्यंत इथे फोन आला तर ठीक, नाहीतर घर विकायचं आणि आईने माझ्याकडे यायचं." त्याचं चुकत नव्हतं हो. त्या संध्याकाळी आईने भिंतीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "रंग तरी लावून घ्यायला हवा होता गं यांच्यासमोर."

मी तेव्हा मोबाइल कंपनीच्या उल्हासनगरच्या ऑफिसात नवी-नवी इंजिनियर होते. मोबाइल नुकते आलेले, विटेएवढे जड, मोठ्या शेठ लोकांच्या हातात मिरवायचे. आमचा एक टॉवर अंबरनाथला कारखान्यांच्या बाजूला होता आणि चिखलोलीची शेतं ओलांडून त्याचा सिग्नल बेलवलीपर्यंत जेमतेम यायचा. फोनवर एक दांडी दिसायची, पण फोन लागायचा नाही. का ते सांगते. फोन लावला म्हणजे लगेच बोलणं सुरू होत नाही. आधी फोन टॉवरचं दार वाजवतो: मी आलोय, जागा द्या. टॉवर उलट हाक देतो: अमुक जागेवर जा. फोन त्या जागेवर गेला की मगच पुढचं सगळं. ही हाक द्यायला टॉवरकडे एकच अरुंद गल्ली असते, जवळच्यांना आणि लांबच्यांना मिळून. बेलवलीचा फोन दार वाजवायचा ते टॉवरला बारीक का होईना, ऐकू यायचं. पण टॉवरची हाक इथवर येईतो विरून जायची. आणि गंमत बघा, एखादा फोन चुकून आत शिरलाच तर बोलणं बऱ्यापैकी चालायचं. घोडं दारातच अडत होतं.

मी कंपनीचा टेस्टिंगचा फोन आईकडे ठेवला. ती तो रुमालात गुंडाळून फळीवर ठेवायची आणि मी सांगितलेल्या वेळी बटणं दाबायची. "टुंई करतो आणि मरतो बाई तुझा फोन," एवढाच तिचा रिपोर्ट. आमच्या साहेबांनी आधी टॉवरचा जोर वाढवून पाहिला. तर तो शेजारच्या टॉवरच्या हद्दीत घुसला आणि तिकडचे फोन खरखरायला लागले. मग त्यांनी टॉवरला सगळ्याच फोनांसाठी प्रत्येक हाक चार-चार वेळा द्यायला लावली. त्या दुपारी बेलवलीहून एक फोन लागला खरा, पण संध्याकाळी कारखाने सुटायच्या वेळी गल्ली अशी तुंबली की टॉवरच्या बुडाशी उभ्या असलेल्या माणसाचाही फोन लागेना. उल्हासनगरचा फोन विकणारा सिंधी शेठ तावातावाने ऑफिसात आला. "मॅडम, टॉवर तुमचा आणि शिव्या मेरेको? कस्टमर दुकानात येऊन फोन माझ्या काउंटरवर आपटतो. असा धंदा होतो काय?" त्याला चहा पाजून वाटेला लावलं. साहेब डोकं धरून बसले. म्हणाले, "जोर लावूनही नाही, चारदा सांगूनही नाही. बेलवलीत आपली गिऱ्हाइकं तरी किती? बोटावर मोजण्याएवढी. ती बाजू नकाशातून काढून टाकू. दोनेक वर्षांनी बघू."

दोन वर्षांनी! दिवाळी तोंडावर आलेली. माझ्या डोळ्यांसमोर घराला कुलूप दिसायला लागलं. आणि तेवढ्यात मला काय सुचलं असेल तर मामासमोरचा तो चहा. जोर लावणं म्हणजे माझं किंचाळणं होतं, आणि सगळ्यांना चारदा म्हणजे ते "चहा? चहा? चहा?" मी भर मीटिंगमध्ये हसले. साहेब चमकले. मी म्हटलं, "सर, सगळ्यांना चारदा कशाला? दार वाजवणाऱ्याची थाप टॉवरला ऐकू येतेच ना? थाप खणखणीत असेल तर तो जवळ आहे, त्याला एकदा. थाप बारीक असेल तर त्याला परत-परत. आणि तो जागेवर पोचला की त्याने हात वर केला असं समजायचं आणि गप्प बसायचं." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे कुठे वाचलंस?" मी म्हटलं, "वाचलं नाही सर. आमच्या घरी असंच बोलतात." मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसांना विनवण्या करून तसा प्रोग्रॅम बसवून घेतला. साहेबांनी आठवड्याची मुदत दिली आणि एकच प्रश्न विचारला, "थाप किती बारीक झाली की परत सांगायला लागायचं? रेषा कुठे आखणार? फार लांब ओढलीस तर गल्ली परत तुंबेल, आणि मग मी काही ऐकून घेणार नाही." मी म्हटलं, मोजून सांगते.

तो आठवडा मी रिक्षाने आणि पायी, हातात टेस्टिंगच्या दुसऱ्या फोनचं धूड घेऊन अंबरनाथ ते बेलवली नुसती हिंडत होते. चिखलोलीला शेतातली एक आजी मला रोज विचारायची, "काय हरवलंय गं पोरी तुझं?" शेवटी आकडा ठरला आणि तो टॉवरला घातला. आईला सांगून ठेवलं होतं की दुपारचं जेवण झालं की ऑफिसात फोन लाव. मी ऑफिसात टेबलावरच्या फोनसमोर बसलेय, साहेब माझ्यामागे उभे आहेत, आणि फोन काही वाजत नाहीये. आई विसरली असेल, झोपली असेल, परत पडली तर नसेल ना, नाही नाही ते मनात येतंय. आणि मग वाजला. "लागला गं!" आईचा आवाज, थोडा खरखरता पण अख्खा. "आता काय बोलू?" मी म्हटलं, काहीही बोल. "हिंग संपलाय. येताना आण." बाबा, मी तिथे, सगळ्यांसमोर, रडले. साहेबांनी घाबरून विचारलं, काय झालं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, "हिंग आणायला सांगितलाय." ते आपल्या खोलीत गेले आणि संध्याकाळी कारखाने सुटेपर्यंत आकडे बघत बसले. गल्ली तुंबली नाही. जवळचेही बोलत होते, लांबचेही बोलत होते.

दिवाळीला दादा आला तो आईचं सामान न्यायच्या तयारीने. आईने त्याला फराळाचं ताट दिलं, फळीवरून फोन काढला आणि त्याच्यासमोर मला लावून दाखवला. मी तेव्हा कंपनीचा दुसरा फोन घेऊन मागच्या अंगणातच होते, तरी लावला! दादा हसला आणि चकली खायला लागला. पुढच्याच महिन्यात आम्ही दोघांनी मिळून घराला रंग लावून घेतला. आईने पिवळा निवडला, तुम्हाला आवडला असता का ते माहीत नाही. पुढे बेलवलीत टॉवरही आले आणि आता तर आई व्हिडिओवर नातवाला रागावते, पण ती त्या दिवाळीनंतर इथून कुठे गेली नाही. आताही तिचे मटार संपत आलेत आणि ती मला उठवायच्या बेतात आहे, म्हणून उरलेलं पटकन सांगते. हे पत्र टाकायला पत्ता नाही ते मला कळतं, आणि खरं सांगायचं तर पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही फोरमन माणूस, तुम्हाला हे चाललं नसतं.

त्या आकड्याबद्दल साहेबांनी नंतर विचारलं होतं, कसा काढलास म्हणून. मी सांगितलं, जागेवर जाऊन मोजला. ते खोटं नव्हतं. पण हिशोबाने, बाबा, ती रेषा चिखलोलीच्या जरा पुढे येऊनच संपत होती, बेलवली बाहेरच राहत होती. कागद तेच सांगत होता, मी तीनदा पाहिलं. मग मी इथे आले, आई पोळ्या लाटत होती, तिच्या शेजारी ओट्यावर फोन ठेवला, तिथे जो आकडा आला तो घेतला आणि वर थोडी ढील ठेवून टॉवरला घातला. गल्ली तुंबणार नाही याची मला कसलीच खात्री नव्हती. अख्ख्या बेलवलीला त्यानंतर फोन लागला, लोकांनी पेढे दिले, साहेबांनी पाठ थोपटली, आणि मी कुणाला सांगितलं नाही की मी गावाला फोन लावून द्यायला निघालेच नव्हते. मला फक्त आईला घरात ठेवायचं होतं.