दुकानाचा परवाना, वजनाचा शिक्का

३ जून, मंगळवार

सूनबाई व्यवस्थापन शिकणार! घरात बसून, संगणकावर! आज जेवताना तिने सांगितलं आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

मालवाहतुकीच्या कचेरीत कुठला ट्रक कुठे पोचला, कुठे अडकला हे सगळं ती बघते. तिथले शाखाप्रमुख दोन वर्षांनी निवृत्त होणार. मोठ्या मॅडम तिला म्हणाल्या, "काम तुला येतंच गं. पण वरच्यांना पदवी दाखवावी लागते. तेवढी आण, तुझं नाव मी पुढे करते."

दोन शाळा तिने बघून ठेवल्यात. एक स्वस्त, वर्षात पदवी हातात. दुसरी दुप्पट महाग, दोन वर्षांची, वर प्रवेश परीक्षा. मी लगेच म्हटलं, "पहिली घे. पदवी ती पदवी." मुलगा जहाजावर, नात चिमणी बालवाडीत; पगार येतो तो मोजूनमापूनच. उधळायला कोणी सांगितलंय?

हे काहीच बोलले नाहीत. हे गप्प बसले की मला धास्तीच वाटते.

५ जून, गुरुवार

धास्ती खरी ठरली. ह्यांनी स्वस्त शाळेला फोन लावला. आवाज तोच — पस्तीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतून फिरताना काढायचे तो. निवृत्त झाले, पण अजून भाजीवाल्याचा काटा बघितल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत!

"मान्यता आहे का तुम्हाला?"

"हो सर! शंभर टक्के मान्यताप्राप्त!"

"कशाला मान्यता? संस्थेला, की ह्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला?"

"सगळ्याला सर! आज पैसे भरलेत तर पिशवी फुकट!"

पिशवी म्हटल्यावर मी कान टवकारले, खोटं कशाला बोलू. पण ह्यांनी फोन ठेवून दिला.

मग मला समजावायला बसले. "हे बघ, दुकानाला परवाना असतो. असला म्हणजे दुकान खरं. पण म्हणून आतलं किलोचं वजन किलोचंच आहे, असं नाही. वजनाचा शिक्का वेगळा. तो मारायला माझ्यासारखा कोणीतरी बाहेरून यायचा, वजन स्वतः तपासायचा, मगच शिक्का ठोकायचा. आणि तोही कायमचा नाही! मुदत संपली की पुन्हा तपास."

"मग?"

"मग शाळेचंही तसंच. संस्थेला मान्यता म्हणजे परवाना. पण व्यवस्थापन खरंच शिकवतात का, शिकवणारे कोण, पोराला शेवटी काय येतं, हे त्या विषयातली माणसं येऊन बघतात. त्याची मान्यता वेगळी. ती आहे का, एवढंच मी विचारतोय."

समजलं. पण दुप्पट पैसे ते दुप्पटच.

७ जून, शनिवार

जेवताना भडका. हे म्हणाले, स्वस्त शाळेला व्यवस्थापनाची मान्यता देणारं जे मंडळ आहे त्याचा पत्ता मी शोधला. पत्ता शाळेचाच! इमारत तीच, मजलासुद्धा तोच!

"दुकानदाराने आपल्या वजनावर आपणच शिक्का मारलाय," म्हणाले.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. "बाबा, तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात! मला परीक्षा द्यायची भीती वाटते, हे नाही दिसत. बारा वर्षं झाली पुस्तक मिटून. चिमणीला सांभाळून, नोकरी करून मी पास होणार आहे का तिथे?"

म्हणजे पैशांचा प्रश्नच नव्हता. मी आपली मघापासून बेरजा करतेय!

८ जून, रविवार

आज हसून हसून पोट दुखलं. सगळं नीट लिहून ठेवते.

हे सकाळी म्हणाले, "काटा खरा की खोटा कसा ओळखायचा? आपल्याला माहीत असलेलं वजन त्याच्यावर ठेवायचं, आणि काटा काय बोलतो ते बघायचं." आणि चिमणीला मांडीवर घेऊन संगणकासमोर बसले.

स्वस्त शाळेचा अर्ज उघडला. नाव — चिमणी. वय — पाच. शिक्षण — बालवाडी. मी म्हटलं, "अहो, हे काय लिहिताय?" तर म्हणे, "खोटं एक अक्षर लिहायचं नाही. वजन खरं पाहिजे."

मग चाचणी. चिमणीने आपल्याला आवडेल त्या रंगाचं बटण दाबलं. मधे एकदा नाकाने दाबलं. चाचणी संपली आणि पडद्यावर फुगे उडायला लागले. अभिनंदन! चिमणी, तुमची निवड झाली आहे! उत्कृष्ट श्रेणी! खास गुणवंतांची सवलत!

सूनबाई दारात उभी होती. मग पदर तोंडाला लावून खाली बसली, आणि हसू की रडू असं झालं तिला.

मग दुसऱ्या शाळेचा अर्ज. वय पाच लिहिल्याबरोबर अर्ज थांबला. पुढे जाईना. लाल अक्षरांत — अर्ज स्वीकारता येत नाही. हे खुर्चीतून उठून ओरडले, "नाकारलं! नाकारलं!" इतका आनंद त्यांना मुलगा नोकरीला लागला तेव्हा झाला नव्हता.

ह्या शाळेचं नाव मान्यता देणाऱ्या मंडळाच्या यादीतही निघालं. मंडळाचा पत्ता भलत्याच गावचा. मुदतही लिहिलेली.

रात्री मी दिव्यापुढे बसले आणि मनात म्हटलं, देवा, स्वस्त ते घेण्याची मला खोड आहे. पण ह्या वेळी माझा हात धरलास.

१० जून, मंगळवार

महाग शाळेचा अर्ज भरला. परीक्षेचे पैसे मी काढून दिले. दुःख झालं, पण दाखवलं नाही.

दुपारी स्वस्त शाळेचा फोन. "चिमणी मॅडम आहेत का?" चिमणीने घेतला. "माझा दात हलतोय." तिकडून उत्तर — "वा, छानच मॅडम! मग प्रवेश कधी घेताय?"

२२ जून, रविवार

सूनबाईची परीक्षा. दार लावून आत बसली. कॅमेऱ्यातून कोणीतरी पूर्ण वेळ तिच्यावर नजर ठेवून होतं. चिमणीला मी अंगणात नेलं.

आधी देवापुढे बसले होते. पास कर, म्हणणार होते. जीभच रेटेना. खरा काटा शोधून काढायचा आणि मग देवाला म्हणायचं, जरा पारड्यावर अंगठा ठेव? शेवटी म्हटलं, तिचं डोकं शांत ठेव. बाकी तिचं ती बघेल.

२८ जून, शनिवार

नापास.

२९ जून, रविवार

हे तर वजन चोरताना सापडल्यासारखे बसलेत.

त्यात तो मेला फोन! सूनबाईनेच घेतला. ऐकत राहिली, ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आई, मी तिथेच घेते प्रवेश. निदान अभिनंदन तरी करतात."

हे काही बोलायला गेले. मी हातानेच थांबवलं. म्हटलं, "घे. पैसे मी देते. पण आधी एक सांग. मोठ्या मॅडम ते प्रमाणपत्र हातात घेतील तेव्हा तू त्यांच्या तोंडाकडे बघशील की जमिनीकडे?"

ती ताटावरून उठून गेली. मी फार लागेल असं बोलले का? देव जाणे.

३० जून, सोमवार

आज ज्या शाळेने नापास केलं तिचाच फोन! शिकवणाऱ्या बाई होत्या. सूनबाईने आवाज मोठा करून ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं.

बाई म्हणाल्या, "तुमची नियोजनाची उत्तरं मी वर्गात वाचून दाखवणार आहे. अडकलेला ट्रक कसा सोडवायचा हे तुम्ही फार सुरेख लिहिलंय. हिशेबात मात्र तुम्ही शून्यावर आहात. तयारीचा वर्ग घ्या. आठवड्यातून दोनदा. मॅट्रिक झालेल्या कुणालाही खुला आहे, त्याची परीक्षा पास झालात की थेट प्रवेश."

सूनबाई म्हणाली, "तुम्ही प्रत्येक नापास झालेल्याला फोन करता?"

"करावाच लागतो. कोण कुठे कमी पडलं आणि आम्ही त्याचं काय केलं, हे आमचे तपासणारे आम्हाला विचारतात." मग हसून म्हणाल्या, "आणि विचारलं नसतं तरी केला असता."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. "मॅट्रिक चालतं म्हणे, आई. बसताय का शेजारी?"

"मी? भाकऱ्या कोण करणार?" घर पुन्हा हसायला लागलं.

१५ जुलै, मंगळवार

स्वयंपाकघराची शाळा झालीय. मी भाजी निवडते, ती समोर वही घेऊन बसते. बाई म्हणाल्यात, शिकलेलं दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगा. तो दुसरा म्हणजे मी.

मला वाटायचं मला हिशेब येतो. लग्न झाल्यापासून लिहितेय! तर सूनबाई म्हणाली, "आई, शिलाईयंत्र घेतलं तो खर्च की मालमत्ता?" मी म्हटलं, "खर्च! केवढा तरी खर्च!" "पण ते अजून घरात आहे ना? काम करतंय ना?" मी यंत्राकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मी त्याला गेलेल्या पैशांत धरत होते.

मग आम्ही दोघींनी घरातल्या वस्तू मोजायला घेतल्या. पंखा मालमत्ता. कपाट मालमत्ता. हे दारातून म्हणाले, "आणि मी?" सूनबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बाबा, जुन्या मालमत्तेची किंमत दरवर्षी उतरते. तुमचा घसारा काढावा लागेल."

२९ जुलै, मंगळवार

ध्वनिमुद्रण केलेले धडे ती कामावर गेली की मी दुपारी पुन्हा लावते. पैसे भरलेत, एकदाच ऐकून कसं चालेल?

चिमणीचा दात पडला. तिने त्या फोनवाल्याला आपणहून सांगितलं. त्याने सवलत वाढवली.

२४ ऑगस्ट, रविवार

परीक्षा झाली. सूनबाई बाहेर आली ती हातावर शाई आणि चेहऱ्यावर काहीच नाही. "काय गं?" "माहीत नाही आई. पण ह्या वेळी मला काय येत नाही ते नीट माहीत होतं."

३१ ऑगस्ट, रविवार

पास! पास! देवा, पास!

हे गल्लीत जाऊन सांगून आले. भाजीवाल्यालासुद्धा. तो म्हणे, "साहेब, आज काटा नाही बघितलात?" "आज नाही. आज माझ्या घरच्या वजनावर शिक्का बसला." सूनबाई म्हणाली, "बाबा, अजून दोन वर्षं आहेत. हा नुसता प्रवेश." तरी रडली. मीही. मोठ्या मॅडमना फोन केला, त्यांनी शाळेचं नाव ऐकून एवढंच म्हटलं, "ही चालेल. ही नक्की चालेल."

संध्याकाळी मी साजूक तुपाचा डबा उघडला. हो, मीच!

१ सप्टेंबर, सोमवार

तयारीच्या वर्गात ह्या घरातून दोन नावं होती. इथेसुद्धा लिहिलं नव्हतं, लिहिलं असतं तर खरं झालं असतं. सूनबाईच्या दुसऱ्या दिवशी, घरात कोणी नसताना, मीही परीक्षा दिली होती. आज माझाही निकाल आला.

नापास! तीन गुणांनी!

देवापुढे दिवा लावला. काटा खरा आहे. हे आले की त्यांना सांगणार, "नाकारलं!" म्हणत नाचतील. पुढचा वर्ग बुधवारपासून — बाईंनी आताच फोन केला होता.