सदतीस हरकती मागे, शिलाई मशीन नातीला

सगळ्यांत आधी बेकरीवाला आला, हाताला पीठ तसंच. मग नर्सबाई. वकीलसाहेब, ज्यांनी सगळ्यांच्या आधी यायचं होतं, ते सगळ्यांत शेवटी. मुलाच्या लग्नानंतर माझ्याकडे एवढी माणसं आजच जमली, त्यामुळे मी खुशीत आहे. वकीलसाहेब म्हणाले, तेही लिहा. तर लिहून देणारी खुशीत आहे, शुद्धीत आहे, आणि तिच्यावर कुणाचं दडपण नाही.

मी, वय वर्षं एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम, शिक्षण दुसरी, सगळी गल्ली मला आक्का म्हणते. मी सांगते आहे आणि नात लिहून घेते आहे. वकीलसाहेब म्हणतात, "आक्का, एवढं पाल्हाळ लागत नाही." मी म्हटलं, मरणार मी आहे, मजकूर माझाच राहू दे. याआधी कधी मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही.

एक. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मुलाला आणि सुनेला. सून बडबडी आहे, पण सहा महिने माझे गुडघे तिनेच चोळले. मुलगा दारातून विचारायचा, "आता कसं वाटतंय?"

दोन. शिलाई मशीन आणि दोन्ही कात्र्या नातीला. मोठी कात्री कागदाला लावू नये. धाकट्या जावेला यातलं काही देऊ नये. तिने एकतीस वर्षांपूर्वी नेलेली मापाची पट्टी अजून आलेली नाही. ती तिच्याकडेच राहू दे, पण मी विसरलेले नाही एवढं तिला कळवावं.

तीन. पुढची खोली. इथे जरा लांबण लागेल.

सव्वीस वर्षं ही खोली पक्षाकडे आहे. बाहेर पाटी, आत खुर्च्या आणि भाऊंचा फोटो. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे पुढारी. मी त्यांचे झेंडे शिवले, मतदानाच्या दिवशी दारात टेबल मांडून बसले. मला ते आवडायचं. माणसं येतात, नाव सांगतात, आपण यादीत शोधून चिठ्ठी देतो. फराट्याची सही मी पन्नाशीनंतर शिकले, आणि तेव्हापासून कुणी कागद पुढे केला की मला हात आवरत नाही. मागच्या वर्षी भाऊ नावं न भरलेल्या छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "नळाच्या कामाला रहिवाशांच्या सह्या हव्यात, आक्का." मी एका बैठकीत सदतीस केल्या.

मतदान झाल्यावर नर्सबाई आली. ही मागच्या गल्लीत राहते, दर मंगळवारी माझं ब्लडप्रेशर बघते. मागच्या गल्लीतली माणसं रंगाने काळी. त्यांच्या पणजोबांना पूल बांधायला आणलं होतं, तेव्हापासून ती इथलीच. तिने एक कागद पुढे धरला.

"आक्का, ही सही तुमची ना?"

"माझीच. बघ, शेवटचा फराटा कसा छान आलाय."

तिने वरचा मजकूर वाचून दाखवला. सदर व्यक्ती येथील रहिवासी नाही, तिचे नाव यादीतून वगळावे, अशी माझी हरकत आहे. सदर व्यक्ती म्हणजे तीच. तिला केंद्रावरून परत पाठवलं होतं. उरलेली छत्तीस नावंही मागच्या गल्लीतली. पुढच्या गल्लीतलं एकसुद्धा नाही.

मी भाऊंना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? ती माणसं आपल्याला थोडीच मत देतात? आणि तिथे संशयाला जागा असते."

"पुढच्या गल्लीत नसते?"

"ती आपली माणसं." जाता जाता म्हणाले, "तुमचा मुलगा आमच्या ऑफिसात नोकरीला आहे, आक्का. आणि हरकत खोटी म्हणालात तर गुन्हा तुमच्यावर येईल."

"येऊ दे. तुरुंगात शिवणकाम असतंच की."

पण सगळं भाऊंवर ढकलून मला मोकळं होता येईना. पुढच्या मंगळवारी दंडाला पट्टा बांधता बांधता नर्सबाई म्हणाली, "तुम्ही टेबलावर बसायचात तेव्हा मला दरवेळी आधी ओळखीचा कागद काढायला लावायचात. माझ्या पुढच्याला म्हणायचात, या काका."

"तू नवीन होतीस गं."

"मी इथेच जन्मले, आक्का."

मी आठवून बघितलं. खरं होतं. हे मला भाऊंनीसुद्धा शिकवलं नव्हतं. तोंडातून आपोआप यायचं, आणि मी स्वतःला फार चोख समजायचे.

म्हणून पुढची खोली नातीला. अट अशी की पाटी उतरवावी, फोटो भाऊंना काच न फोडता परत करावा, आणि सदतीस नावं यादीत परत येईपर्यंत मागच्या गल्लीला तिथे बसून अर्ज भरू द्यावेत. मुलाने आड येऊ नये. त्याची नोकरी गेलीच तर त्याला हातशिलाई येते, मीच शिकवली आहे.

चार. त्या सदतीस हरकती मी मागे घेते. त्यातली एकही मी वाचली नव्हती आणि एकही खरी नाही. निवडणूक कचेरीत या हरकतींची सुनावणी आहे, त्याआधी मी गेले तर हेच कलम माझा जबाब धरावं. वकीलसाहेब म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

पाच. मला न्याल तेव्हा पक्षाचा झेंडा अंगावर घालू नये. ते मी शिवलेत, कापड हलकं आहे.

साक्षीदारांविषयी. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. नर्सबाईला मी कपाट ठेवलं होतं. ती म्हणाली, "कपाट नको, मला सही करायची आहे." तर कपाट सुनेला. मग वकीलसाहेबांनी तिला विचारलं, "ओळखपत्र आहे का, बाई?" बेकरीवाल्याला नाही विचारलं. मी म्हटलं, "साहेब, आधी त्याचं बघा." त्यांचे कान लाल झाले. नर्सबाईने पर्समधून काढून ठेवलं. बेकरीवाल्याजवळ नव्हतं. तो दुकानात जाऊन घेऊन येईपर्यंत आम्ही चहा घेतला.

लिहून देणार: आक्का (सही, वाचून घेतल्यावर)
साक्षीदार: नर्सबाई (सही), बेकरीवाला (सही)
ठिकाण: पुढची खोली
दिनांक: चौदा, शुक्रवार

ता. क. निवडणूक कचेरीची दोन माणसं काल येऊन गेली. माझे गुडघे तिथला जिना चढत नाहीत, म्हणून जबाब घरीच घेणार आहेत. सोमवारी सकाळी अकरा वाजता सदतीसही कागद घेऊन येतो म्हणाले.