विहीणबाईंच्या मनगटावरची टिंबं

ती. ताईस,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत (मी सोडून सगळे).

हे पत्र दागिन्यावरून लिहिते आहे असं तुला वाटेल, पण तसं मुळीच नाही. मला दागिन्यांचा सोस कधीच नव्हता, तू साक्षीला आहेस. (तुझ्या मोत्यांच्या कुड्यांची गोष्ट वेगळी. त्या तुला शोभतच नव्हत्या.)

तर नातीचं नाव ठरलं: नन्ना. सूनबाई कंपनीच्या कामासाठी मध्यंतरी स्कँडिनेव्हियात राहून आली, तिकडे म्हणे मुलींची अशी नावं ठेवतात. आपल्याला आजवर नन्नाचा पाढा ठाऊक होता, आता नन्नाचा पाळणा आला. मी तोंडातून ब्र काढला नाही. नाव काही का असेना, पोर गोड आहे. फक्त माझ्याकडे दिली की टाहो फोडते आणि विहीणबाईंच्या खांद्यावर टाकली की घोरते. त्यांचा खांदा रुंद आहे, दुसरं काय.

रविवारी मुलाने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि दोन्ही आज्यांना भेटी दिल्या. विहीणबाईंच्या डबीतून निघालं सोन्याचं ब्रेसलेट. नाजूक साखळी, तिच्यात गोल मणी आणि मधूनमधून लांबट नळ्या. पण हे साधेसुधे मणी नव्हेत हो! गोल मणी म्हणजे टिंब, नळी म्हणजे रेघ, आणि तारेच्या त्या मोर्स लिपीत नातीचं नाव ओवलेलं. आता तूच सांग, तारखात्यात जन्म कोणाच्या नवऱ्याने काढला? ते कडकट्ट कडकट्ट कोणी सोसलं? झोपेतसुद्धा ह्यांची बोटं माझ्या दंडावर तारा ठोकायची. आणि लिपी गेली विहिणीच्या मनगटावर! माझ्या खोक्यातून निघाली गरम पाण्याची पिशवी. मुलगा म्हणाला, "आई, तू कुठे दागिने घालतेस!" मी हसले. पण ताई, अशी जळले गं मी, की ती पिशवी नुसती मांडीवर धरली असती तरी पाणी उकळलं असतं.

खरा घोटाळा पुढेच आहे. जेवायला हे (अख्खं जग ह्यांना नाना म्हणतं, हे तुला सांगायला नको) बसले नेमके विहीणबाईंच्या समोर. भाजीचं भांडं पुढे करताना बाईंचा हात टेबलावर आला. ह्यांनी मणी वाचले, ओठ हलले आणि कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. निवृत्तीपासून जी दाढी लहर लागली तर व्हायची, ती आता रोज सकाळी होते. मिशीला कलप लागला. गुणगुणणं सुरू झालं. मी खनपटीलाच बसले तेव्हा कुठे बोलले, "अगं, त्यावर नातीचं नाव नाहीच. स्वच्छ 'नाना' लिहिलंय. कुठे बोलू नकोस हं, बाईंना संकोच वाटेल."

बाईंना संकोच! आणि मी काय वाऱ्यावर?

मी माळ्यावरून ह्यांचा जुना तक्ता काढला आणि ह्या वयात मोर्स शिकले. मग 'बाळाला बघायला' म्हणून मुलाकडे गेले. विहीणबाई बाळाला आंघोळ घालत होत्या आणि ब्रेसलेट टेबलावर काढून ठेवलेलं होतं. वाचलं. नन्ना! टेबलाच्या पलीकडे जाऊन वाचलं. नाना! अगं, इंग्रजी एन म्हणजे रेघ-टिंब आणि ए म्हणजे टिंब-रेघ. एक उलटा केला की दुसरा होतो, म्हणजे इकडून NANNA तर तिकडून NAANA. मण्यांना बिचाऱ्यांना डोकं कुठलं आणि पाय कुठले! घालणारीच्या बाजूने वाचलं तर माझी नात, समोरून वाचलं तर माझा नवरा. खात्री करायला मी टेबलाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की सूनबाईने विचारलं, "आई, काय करताय?" म्हटलं, चालतेय, गुडघ्यांना बरं असतं.

आता पंचाईत अशी, की विहीणबाईंना ह्यांच्या समोर बसवावं तर हे नाना वाचतात, आणि शेजारी बसवावं तर त्या शेजारी बसतात! ह्यांना खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं होतं. पण आरशासमोर भांग पाडताना माणूस इतका खूश दिसला की माझ्याच्याने बोलवेना. माझ्यासाठी ह्यांनी कधी मिशी काळी केली नाही गं. त्याचं मात्र वाईट वाटतं, अगदी खरं सांगते.

असो. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी निर्मोही धाकटी

ता. क. सूनबाईला फोन करून ते ब्रेसलेट कुठल्या दुकानातलं ते विचारून घे. स्वतःसाठी हवंय म्हण, माझं नाव काढू नकोस. अगदी तस्संच एक मागव. फक्त मणी जरा मोठे सांग, ह्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

आणखी एक ता. क. दुकानदार नाव विचारेल, तर नन्नाच सांग. चारचौघांत नातीचं म्हणून मिरवीन. पण घरी जेवायला आम्ही दोघंच असतो ताई, आणि मी ह्यांच्या समोर बसते.