दमलेल्या स्नायूचं काय करतात

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आठवा महिना लागला आणि माझा हा स्नायू दमण्याचा आजार चक्क गाशा गुंडाळून बसलाय! पापण्या आपोआप खाली येत नाहीत, घास चावताना जबडा दमत नाही. आधी दर महिन्याला पाळीच्या आठवड्यात श्वाससुद्धा पुरायचा नाही. आता मैदानावर अशी शिट्टी फुंकते की शाळेतली पोरं जागच्या जागी थबकतात. बाळंतपणाला आमच्या गल्लीतलंच छोटं नर्सिंग होम ठरवलंय. उगाच काळजी करू नकोस, तुझ्या उंदरांना सांभाळ.

लोभात कपात करू नये.
तुझी शिट्टी

१२ मार्च

चि. शिट्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून नाचावंसं वाटलं, आणि मग नर्सिंग होमचं वाचून लगेच लिहायला बसले. प्रयोगशाळेत मी उंदराच्या छाती-पोटामधल्या पडद्याची, म्हणजे श्वासाच्या स्नायूची, पट्टी कोमट खारट पाण्यात टांगते. नसेला विजेची टिचकी दिली की पट्टी आखडते. टिचक्या देतच राहिलं तर नस हाका मारत राहते आणि स्नायू ओ देईनासा होतो. पाण्यात कुठलं हार्मोन आहे, त्यावर तो लवकर दमतो की उशिरा हे ठरतं. सध्या तुझी हार्मोन्स तुझ्या बाजूची आहेत. बाळंत झालीस की ती झरझर उतरतील, आणि तुझा श्वासाचा स्नायू दमू शकेल. श्वासाचं मशीन असेल अशाच मोठ्या रुग्णालयात जा. एवढं ऐक माझं. मला जूनपर्यंत रजा नाही. नुसतं लिहिणं तेवढं माझ्या हातात आहे.

रागावलीस तरी लोभ ठेव.
ताई

६ मे

ती. ताईंना सा. न.

मुलगी झाली. तुमचं ऐकून मोठ्या रुग्णालयातच गेलो होतो. चौथ्या दिवशी तुमच्या बहिणीचा आवाज नाकातून यायला लागला, पाणी गिळवेना, वाक्य अर्ध्यावर असताना श्वास संपायचा. आता नळी घातली आहे, मशीनवर आहे. औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. मुलगीही अगदी बारीक रडते, दोन घोट पिऊन थकते. आईच्या रक्तातून आलंय, काही आठवड्यांत जाईल म्हणे. मी दोघींच्या दारांमध्ये येरझाऱ्या घालतो. हिची शाळेतली शिट्टी उशाशी ठेवली होती, ती नर्सने माझ्या खिशात परत घातली.

ताई, तुम्ही रोज दमलेले स्नायू बघता. त्यांचं तुम्ही काय करता, तेवढं कळवा. मीही तेच करीन.

आपला,
हिचा नवरा

११ मे

जावईबापूंना आशीर्वाद.

तुमच्यापासून लपवत नाही. दमलेल्या स्नायूचं आम्ही काहीच करत नाही. वीज बंद करतो, पाणी कोमट ठेवतो आणि शेजारी बसून राहतो. बहुतेकदा तो पुन्हा ओ देतो. कधी देत नाही. तिचं मशीनही सध्या तिला विसावाच देतंय.

तुम्ही शेजारी बसा. मला इथून तेवढंही करता येत नाही.

माझा लोभ तिच्या उशाशी असू द्या.
ताई